परमुलखातील विद्यार्थी आणि बालआरोग्याचे शिक्षण : जामखेड, मेळघाट आणि बऱ्हाणपूर

गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतील महाविद्यालयांतून एक प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. वैद्यक, परिचर्या, समाजकार्य, कधी नुसतेच साहित्य किंवा इतिहास शिकणारा विद्यार्थी सुट्टीतील काही आठवडे, क्वचित पूर्ण वर्ष, आशिया किंवा आफ्रिकेतील एखाद्या गावी स्वयंसेवक म्हणून राहतो. तेथील मुलांचे आरोग्य, त्यांचे खाणेपिणे, आईबापांची कमाई, शाळा, पाणी या गोष्टी तो जवळून पाहतो, जमेल ते काम करतो आणि परतल्यावर आपल्या विद्यापीठात अहवाल सादर करतो. या विषयावरील लेखन बहुतेक जाणाऱ्याच्या बाजूने झालेले आहे. ज्या गावात हा पाहुणा उतरतो त्या गावाची बाजू, आणि ज्या अध्यापकाने त्याला पाठवायचे त्याची जबाबदारी, या दोन गोष्टी मागे राहतात.

समाजाच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी या विषयाकडे लक्ष देण्याची कारणे दोन. एक म्हणजे महाराष्ट्र हा अशा विद्यार्थ्यांचा जुना यजमान आहे आणि या यजमानपणाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. दुसरे कारण अधिक जवळचे. विणकराच्या मुलाला किंवा शेतमजुराच्या मुलीला विमानाचे तिकीट काढून आफ्रिकेत जाणे परवडणारे नाही, आणि तशी गरजही नाही. बऱ्हाणपूरहून खकनार तहसील ओलांडून देडतलाईच्या पुढे गेले की राज्य बदलते आणि धारणी तालुका, म्हणजे मेळघाट, सुरू होतो. भाषा कोरकू, डोंगर सातपुड्याचा, घर-अंगण, देवधर्म, खाणे सगळेच निराळे. शहरातील विद्यार्थ्याला हा परमुलूखच आहे.

या सीमेविषयी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार मध्य प्रदेशात दर हजार जिवंत जन्मांमागे ४३ अर्भके वर्षाच्या आत दगावली. महाराष्ट्रात हाच आकडा १६ होता. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल की देडतलाईच्या पुढे सुरक्षित मुलूख लागतो. प्रत्यक्षात सीमेपलीकडे लागतो तो मेळघाट, ज्याचे नाव महाराष्ट्रात गेली तीस वर्षे बालमृत्यूंशी जोडले गेले आहे. राज्याच्या सरासरीत मुंबई-पुणे-कोल्हापूर मिसळले की मेळघाट दिसेनासा होतो. विद्यार्थ्याला गावी नेण्याचे पहिले प्रयोजन हेच, की सरासरीने काय झाकले जाते ते त्याला डोळ्यांनी दिसावे.

मदतीला या, की शिकायला या?

एप्रिल १९६८ मध्ये इव्हान इलिच या विचारवंताने मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केले. हे विद्यार्थी उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी जात असत. इलिचने त्यांची स्तुती करण्याऐवजी त्यांना स्पष्टच सुनावले. त्याचा आशय असा की, तुम्हाला या लोकांची भाषा येत नाही, त्यांच्यापुढे तुम्ही उत्तरदायी नाही, तुमचे चुकले तर तुम्हाला हाकलण्याचा अधिकारही त्यांच्याजवळ नाही. म्हणून पाहायला या, अभ्यासाला या, मदतीचा आव आणू नका. भाषण कठोर होते आणि काहीसे एकांगीही. पण जेथे पाहुणा चुकला तरी त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, तेथे सेवा धोक्याची ठरते, हा त्यातील मुद्दा आजही टिकून आहे.

त्याच काळात मेक्सिकोतच डेव्हिड वर्नर नावाचा अमेरिकन गृहस्थ काम करीत होता. तो डॉक्टर नव्हता. शाळेत जीवशास्त्र शिकवणारा मास्तर होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास तो सिएरा माद्रे पर्वतातील खेड्यांत फिरायला गेला आणि तेथील मुलांचे साधे साधे आजार पाहून तेथेच गुंतला. त्याने पुढे जे केले ते महत्त्वाचे आहे. बाहेरचे स्वयंसेवक हळूहळू मागे घेतले गेले आणि उपचाराचे काम गावातल्याच शिकवून तयार केलेल्या माणसांकडे गेले. या कामातून १९७० च्या दशकात त्याचे एक पुस्तक प्रथम स्पॅनिशमध्ये आणि १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' या नावाने ते जगभर पोचले. औषधांपासून बाळंतपणापर्यंत सर्व माहिती चित्रांसह, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत देणारे हे पुस्तक आहे.

या पुस्तकाचा बऱ्हाणपूरच्या परिसराशी थेट संबंध आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. रवींद्र कोल्हे यांच्या हाती ते पडले आणि त्यांनी आपल्या कामासाठी मेळघाटातील बैरागड हे गाव निवडले. त्या काळी हरिसालपर्यंत बस आणि तेथून पुढे सुमारे चाळीस किलोमीटर पायी चालत जावे लागे. तेथे जाण्याआधी त्यांना तीन गोष्टी शिकून घ्याव्या लागल्या: सोनोग्राफी व रक्ताची सोय नसताना बाळंतपण कसे करावे, एक्स-रे नसताना न्यूमोनिया कसा ओळखावा आणि हगवणीचा उपचार कसा करावा. पुढे त्यांच्या लक्षात आले की मुले न्यूमोनियाने दगावतात त्याच्या मुळाशी अपुरे अन्न आणि अपुरे कपडे आहेत, म्हणून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे शेतीच्या प्रश्नाकडे वळले. २०१९ मध्ये या दाम्पत्याला पद्मश्री मिळाली. कॅलिफोर्नियातला एक शाळामास्तर, मेक्सिकोतले डोंगर, नागपूरचा विद्यार्थी आणि बैरागड अशी ही साखळी. परमुलखात शिकलेल्या गोष्टीचे चीज होते ते अशा रीतीने, आणि त्याला वीस-पंचवीस वर्षे लागतात. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रात ते मावत नाही.

जामखेडचा दाखला

परदेशी विद्यार्थी येऊन बालआरोग्य शिकतात अशी महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे जामखेड. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील हा कायम दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यापूर्वी दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. म्हणजे जामखेडची कथाही परदेशात गेलेल्या विद्यार्थ्यांपासूनच सुरू होते. फरक इतकाच की हे विद्यार्थी शिकून परत आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही त्याच विद्यापीठात शिकून आले आणि गडचिरोलीला 'सर्च' ही संस्था उभी करते झाले.

आरोळे दाम्पत्याने दवाखाना काढला खरा, परंतु गावकऱ्यांशी बोलताना त्यांना कळले की लोकांच्या दृष्टीने आरोग्य हा प्रश्नच नव्हता. लोकांना हवे होते पाणी आणि अन्न. १९७२ च्या दुष्काळात हे अधिकच उघड झाले. तेव्हा मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे आणि हातपंप ही कामे आधी आली. हातपंप कोठे घ्यायचे यातही एक युक्ती होती: ते दलित वस्तीत घेतले गेले, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावेच लागे. वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात हा उपचार सापडणार नाही. परंतु हगवण कमी होण्यासाठी शुद्ध पाण्याइतकीच ते पाणी सर्वांना मिळण्याची गरज असते, हे ज्याला समजले त्यालाच तो सुचतो.

त्यानंतर गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले. त्यांची निवड गावाने करायची; बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही परित्यक्ता. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या आणि शिकून गावी परतायच्या. मुलांची वजने करणे, गरोदर बाईवर लक्ष ठेवणे, साधी बाळंतपणे, जलसंजीवनी, लसीकरणासाठी आयांना राजी करणे ही त्यांची कामे. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. पुढच्या दोन दशकांत ते तिशीच्या आत आले. एखाद्या संस्थेने स्वतःच दिलेले आकडे तपासून घ्यावेत हे खरेच, आणि तसे झालेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकल्पातील गावांची शेजारच्या गावांशी तुलना केली गेली. पहिला महिना पार केलेल्या पाच वर्षांखालील मुलांना मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

पहिल्या महिन्याची कथा वेगळी आहे. तेथे गडचिरोलीचे काम पाहावे लागते. घरीच नवजात बालकाची काळजी घेण्याची बंग दाम्पत्याची पद्धत १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दाखवले होते. २०११ मध्ये ही पद्धत देशभरातील आशांच्या कामात आली.

जामखेडला १९९० च्या दशकापासून प्रशिक्षण संस्था आहे आणि तेथे अनेक देशांतील विद्यार्थी व आरोग्य कर्मचारी शिकायला येतात. नव्याने पदवी घेतलेल्या परदेशी तरुणांसाठी डॉ. मेबल आरोळे यांच्या नावाने दीर्घ मुदतीची अभ्यासवृत्तीही आहे. अध्यापकांच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तेथे या गावच्या कार्यकर्त्याच पाहुण्यांना शिकवतात. विद्यापीठातून आलेला तरुण जमिनीवर बसतो आणि कधी शाळेत न गेलेली बाई त्याला सांगते की गावातल्या बाळाचे वजन का वाढत नाही. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे आधीच ठरलेले असल्यामुळे इलिचने दाखवलेला धोका पुष्कळ कमी होतो. पाहुण्याच्या हाती सुई दिली जात नाही; आधी वही दिली जाते.

मेळघाट : आपलेच विद्यार्थी, आपलाच परमुलूख

१९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या, शीला बारसे यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि या प्रश्नाला राज्यभर वाचा फुटली. १९९७ मध्ये पुण्यातील 'मैत्री' या स्वयंसेवी संस्थेने एक साधा विचार पुढे आणला. मेळघाटात मुले दगावतात ती मुख्यतः पावसाळ्यात: नाल्यांना पूर येतो, रस्ते तुटतात, घरात धान्य संपत आलेले असते, आई दिवसभर शेतात रोवणी-निंदणीला असते, हगवण आणि न्यूमोनिया एकाच वेळी येतात. म्हणून पावसाळ्याच्या सुमारे शंभर दिवसांत सतत कोणीतरी गावात असावे. त्यासाठी पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक, त्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने, साधारण दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी जाऊ लागले. याला धडक मोहीम असे नाव पडले.

हे स्वयंसेवक बहुतेक डॉक्टर नव्हते. घरोघर फिरायचे, आजारी मूल शोधायचे, जलसंजीवनी कशी करायची ते दाखवायचे, धाप लागलेले मूल ओळखायचे आणि दवाखान्यापर्यंत पोचवायचे, इतकेच. 'इतकेच' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजणे पुरेसे असते: मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर ते मूल त्याच दिवशी उपचाराला गेले पाहिजे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे अर्ध्या तासात शिकू शकतो. दंडघेराचेही तसेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम. एका पट्टीचे काम.

तरीही पावसाळी स्वयंसेवकाला मर्यादा आहे. तो दहा दिवसांनी जातो, पुढची तुकडी येते, आणि आईला पुन्हा नव्या माणसाला सगळे सांगावे लागते. हे ओळखूनच पुढे मैत्रीचे काम गावातल्याच तरुणांना शिक्षण आणि आरोग्याच्या कामासाठी तयार करण्याकडे वळले. वर्नरने मेक्सिकोत केले तेच येथे, निराळ्या वाटेने. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेनेही गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी बालकांची काळजी घेण्याचाच मार्ग धरला. बाहेरून आलेल्या तिन्ही-चारी प्रयत्नांनी शेवटी काम गावच्या माणसाच्या हाती दिले, हा योगायोग नव्हे.

पाहुण्याच्या चुका

मेळघाटात गेलेला नवखा विद्यार्थी ज्याने सर्वांत जास्त हादरतो ती गोष्ट म्हणजे डंबा. पोट फुगलेल्या किंवा धाप लागलेल्या लहानग्याच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागणे. मुलाच्या पोटावर ते काळे वण पाहिले की विद्यार्थ्याच्या वहीत 'अंधश्रद्धा' हा एक शब्द लिहिला जातो आणि चौकशी तेथेच थांबते. डंबा घातकच आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु चौकशी पुढे न्यायची तर विचारावे लागते: रात्री दोन वाजता मूल कण्हू लागले तेव्हा जवळ कोण होते? भूमका गावातच राहतो, बोलावल्यावर येतो, कोरकूत बोलतो. दवाखाना किती लांब आहे, तेथे रात्री कोण असते, आईशी तो कोणत्या भाषेत बोलतो? भूमकांनाच सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात आणण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत. ज्याने वहीत एकच शब्द लिहिला त्याला त्यांचे मर्म कळणार नाही.

आपल्या घरच्या चालीही पाहुण्याला अशाच दिसतील, याचा विचार विद्यार्थ्याकडून आधीच करून घ्यावा. बऱ्हाणपुरात बाळाच्या टाळूला खजूर लावण्याची तहनीक होते, जन्मघुट्टी पाजली जाते. परदेशी विद्यार्थी या दोन गोष्टी एकाच रकान्यात टाकील. घरचा विद्यार्थी जाणतो की पहिली क्षणभराची आणि श्रद्धेची बाब आहे, तर दुसरी महिनोन्‌महिने चालते आणि पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाशिवाय काही न देण्याच्या सल्ल्याच्या थेट आड येते. बोलायचे तर कशाविषयी आणि कोणत्या आजीशी बोलायचे, हे त्याला समजते.

दुसरी चूक अधिक गंभीर. आपल्या देशात ज्याला जखम बांधण्याचीही परवानगी नाही असा विद्यार्थी परमुलखात बाळंतपणाला हात लावतो, टाके घालतो. कारण तेथे कोणी अडवत नाही. या प्रकारांना आळा घालण्यासाठी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने परदेशी प्रशिक्षणाविषयी नीतिनियम सुचवले. त्यांचा रोख असा की लाभ दोन्ही बाजूंना व्हावा, यजमान संस्थेचा खर्च आणि वेळ हिशेबात धरावा, विद्यार्थ्याने आपल्या कुवतीबाहेरचे काम करू नये. मायदेशी जे करण्यास मनाई आहे ते परमुलखातही करू नये, एवढा एक नियम पाळला तरी बरेच साधेल.

अनाथालयांचा प्रकार तर त्याहून वाईट. कंबोडियात परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर अनाथालये वाढत गेली; २०११ च्या सुमारास तपासणी झाली तेव्हा तेथील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील यांपैकी निदान एक तरी हयात असल्याचे आढळले. पाहुण्याला अनाथ मूल पाहायचे होते, म्हणून गरिबाचे मूल अनाथ ठरले. मुलाला कडेवर घेऊन काढलेल्या छायाचित्राला एवढी किंमत पडू शकते. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापली जाणारी शिबिराची छायाचित्रेही या दृष्टीने एकदा तपासून पाहावीत. त्यांतील किती मुलांच्या आईला विचारले होते?

बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्यापाशी काय आहे

बऱ्हाणपूरच्या अध्यापकाला या विषयाची सुरुवात करण्यासाठी परगावचे उदाहरण शोधावे लागत नाही. जून १६३१ मध्ये मुमताज महल याच शहरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचा पहिला दफनविधी झाला आणि पुढे देह आग्र्याला नेला. ताजमहालाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिच्या चौदा अपत्यांपैकी सातच वाढली, उरलेली सात लहानपणीच गेली, ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. बादशहाच्या घरी हकीम, दाया, दूध, तूप कशाचीच वाण नव्हती. तरी निम्मी मुले गेली. गरिबी हेच बालमृत्यूचे एकमेव कारण असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला येथे थांबून विचार करावा लागतो. आणि तेच ज्ञान, म्हणजे स्वच्छता, अंतर राखून बाळंतपण, लस, जलसंजीवनी, आज झोपडीतही पोचू शकते हे कळले की प्रश्न पोचवण्याचा आहे हे स्पष्ट होते.

याच शहरात १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून उताराने शहरात आणणारी ही योजना इराणी पद्धतीची आहे. परमुलखातून आलेल्या जाणकारांनी आधी इथली जमीन वाचली, मग कुदळ मारली. जामखेडचे हातपंप आणि हा भंडारा वर्गात एकत्र शिकवता येतील.

आता प्रत्यक्ष योजनेचा विचार. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर ही तिची चौकट. बहुतेक शिबिरांत रस्ता झाडणे, वृक्षारोपण आणि सायंकाळचा सांस्कृतिक कार्यक्रम होतो. हेच सात दिवस खकनारच्या एखाद्या गावात, तेथील आशा आणि अंगणवाडी सेविकेच्या हाताखाली घालवता येतील. अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी विद्यार्थ्याने सेविकेच्या शेजारी बसून नोंदी लिहाव्यात. तिच्या नोंदवहीत नसलेली, कामासाठी बाहेरगावी गेलेल्या किंवा नुकत्याच परतलेल्या कुटुंबांची मुले शोधण्यास तिला मदत करावी. मजुरीसाठी राज्याची सीमा ओलांडणाऱ्या कुटुंबाचे मूल दोन्हीकडच्या वह्यांतून निसटू शकते, आणि ते शोधायला फिरणारे पाय लागतात. ते विद्यार्थ्याजवळ आहेत. बऱ्हाणपूरच्या युनानी महाविद्यालयाचे विद्यार्थी सोबत असतील तर उत्तमच, परंतु त्यांनीही आपल्या शिक्षकाच्या उपस्थितीशिवाय औषध देऊ नये. अहवाल तयार झाला की त्याची प्रत गावात राहिली पाहिजे, आणि ती देण्याआधी सेविकेने वाचून किंवा ऐकून चुका दाखवल्या पाहिजेत. तिची दुरुस्ती लाल शाईत अहवालातच ठेवावी. गुण त्यावरही द्यावेत. अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या आधी एकदा स्वतः जाऊन राहून यावे, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

भाषेची तयारी मात्र सर्वांत आधी व्हायला हवी, आणि तेथे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे. पॉवरलूमच्या वस्तीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की डॉक्टर ज्याला न्यूमोनिया म्हणतो त्याला त्याची आई 'पसली चलना' म्हणते, आणि वाळत चाललेल्या मुलाला 'सूखा' झाला असे म्हटले जाते. पसली चलना हे आजाराचे नाव नव्हे. खपाटीला जाणारी छाती डोळ्यांनी पाहून केलेले ते वर्णन आहे, आणि आरोग्य कार्यकर्त्याला शिकवले जाणारे धोक्याचे लक्षणही तेच आहे. म्हणजे आईचा शब्द चुकीचा नसून पुस्तकाच्या फार जवळ आहे. अशा शब्दांचा उर्दू, निमाडी, खानदेशी आणि मराठीतील एक संग्रह विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल: बाळ दूध ओढत नाही, टाळू बसली, डोळे खोल गेले, लघवी झाली नाही, अंग गार पडले. प्रत्येक शब्दासमोर, त्या घरात हे ऐकल्यावर काय करतात, ते लिहावे. मग कोरकू बोलणाऱ्या एखाद्या वर्गमित्राला किंवा देडतलाईकडच्या सेविकेला बोलावून हीच वाक्ये कोरकूत शिकावीत. पन्नास वाक्ये पुरतील. किती दिवसांपासून, रात्री झोपते का, छातीला लावते का, शेवटचे कधी जेवले. त्यासाठी एक पूर्ण सत्र गेले तरी ते अभ्यासक्रमाचे तास धरावेत, आणि ज्याला ही वाक्ये बोलता येत नाहीत त्याचे नाव पहिल्या तुकडीत घालू नये.